रॉथचा चेक घरी आला, आता पुढे काय?

पत्राचा सारांश

न्यू जर्सीत राहणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या एका वाचक ताईंनी यंदा, २०२६ च्या मार्चमध्ये, अकरा वर्षांची नोकरी सोडून दुसरी धरली. जुन्या कंपनीच्या ४०१-केमधले, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती खात्यातले, पैसे एका ब्रोकरेज कंपनीकडे पाठवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पैसे परस्पर तिकडे जातील असं त्यांना वाटलं होतं, पण घरच्या पत्त्यावर दोन चेक आले. एक रॉथचा, म्हणजे टॅक्स भरून झालेल्या पगारातून घातलेल्या पैशांचा आणि त्यांच्या वाढीचा, १ लाख ८० हजार डॉलरचा. दुसरा कंपनीने घातलेल्या मॅचचा, ६४ हजारांचा. मंडळातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की साठ दिवसांत भरले नाहीत तर सगळ्यावर टॅक्स आणि दंड बसेल, शिवाय असं वर्षातून एकदाच करता येतं. तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्यांचं स्वतःचं रॉथ आयआरए (कंपनीमार्फत नव्हे, आपलं आपण उघडायचं निवृत्ती खातं) नाही, नवऱ्याचं २०१२ पासून आहे. त्यांचे प्रश्न असे: दोन्ही चेक नवऱ्याच्या रॉथमध्ये भरले तर चालेल का? अकरा वर्षं रॉथमध्ये पैसे जात होते, म्हणजे वाढ करमुक्त काढण्यासाठीची पाच वर्षांची अट संपली ना? पुढच्या वर्षी मुलाच्या घरासाठी ६० हजार काढायचे आहेत, ते जमेल का? निवृत्तीनंतर वर्षाचा बराच काळ पुण्यात राहायचा विचार आहे, त्याने काही बिघडतं का?

उत्तर

ताई,

आधी ते पाकीट ड्रॉवरमधून काढा आणि चेकवरची ‘पे टू’ची ओळ वाचा. तुम्ही पत्रात उतरवून पाठवलं आहे त्याप्रमाणे तिथे आधी ब्रोकरेज कंपनीचं नाव आहे, मग ‘एफबीओ’ ही तीन अक्षरं आणि मग तुमचं नाव. या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, की चेक त्या कंपनीचा आहे आणि पैसे तुमच्या खात्यासाठी आहेत. तो तुमच्या रोजच्या चेकिंग खात्यात भरायचा चेकच नाही. अमेरिकेचं कर खातं, म्हणजे आयआरएस, याला डायरेक्ट रोलओव्हर म्हणते: पैसे एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात थेट हलवणं. पोस्टमनने तो तुमच्या पेटीत टाकला म्हणून पैसे तुम्ही घेतले असं होत नाही. साठ दिवसांची मुदत तुम्हाला लागू नाही. तरीही चेक याच आठवड्यात पुढे पाठवा, कारण चेक शिळा होतो, हरवतो, आणि मग नवा काढून घ्यायला पुन्हा तेच फोन.

मैत्रीण खोटं बोलली नाही, तिने दुसऱ्याच प्रसंगाचा नियम सांगितला. चेक थेट तुमच्या नावावर निघाला असता, तर साठ दिवस मोजावे लागले असते. शिवाय मॅचच्या ६४ हजारांतले २० टक्के, म्हणजे १२,८०० डॉलर, जुन्या कंपनीने आधीच सरकारकडे भरले असते. पूर्ण रोलओव्हर करायचा तर तेवढी रक्कम तुम्हाला खिशातून घालावी लागली असती आणि ती परत मिळाली असती पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये. रॉथच्या चेकमधून मात्र फक्त वाढीवरचे २० टक्के कापले गेले असते, कारण त्यातल्या मुद्दलावर टॅक्स तुम्ही पगारातूनच भरलेला आहे. म्हणून बाकीच्या वाचकांनाही सांगतो: नोकरी सोडताना प्लॅनवाल्यांशी बोलाल तेव्हा ‘डायरेक्ट रोलओव्हर’ हे दोन शब्द उच्चारा, आणि चेक कोणाच्या नावावर निघणार ते त्यांच्याकडून वदवून घ्या.

वर्षातून एकदाच हा नियम एका आयआरएमधून पैसे स्वतःच्या हातात घेऊन आयआरएमध्ये परत भरण्यापुरता आहे. ४०१-केमधून आयआरएमध्ये जाणारे पैसे त्यात मोजत नाहीत, आणि एका संस्थेकडून दुसरीकडे परस्पर पाठवलेले तर नाहीतच. या नियमाची गोष्ट मजेशीर आहे. पूर्वी दर आयआरएला वर्षातून एक रोलओव्हर चालतो, असं खुद्द आयआरएसच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. २०१४ मध्ये अल्व्हन बॉब्रो नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात टॅक्स कोर्टाने म्हटलं की नाही, तुमच्या सगळ्या आयआरए मिळून एकच, आणि २०१५ पासून तसंच चालू आहे. हे बॉब्रो स्वतः टॅक्सचे वकील होते. तेव्हा तुमचा गोंधळ झाला यात वाईट वाटून घेऊ नका.

आता नवऱ्याचं रॉथ. तिथे तुमचे पैसे जाऊच शकत नाहीत. आयआरए एकेका व्यक्तीचं असतं, संयुक्त नसतं. रिटर्न एकत्र भरता, घर दोघांच्या नावावर आहे, बँकेत जॉइंट खातं आहे, तरीही इथे नवरा-बायको दोन स्वतंत्र माणसं. अनेक घरांत ‘आमचं रॉथ’ असा शब्दप्रयोग ऐकू येतो, तुमच्याही पत्रात तो तीनदा आहे. त्यांचं रॉथ २०१२ पासून आहे याचा तुमच्या पैशांना काही उपयोग नाही. एका जोडीदाराच्या पश्चात दुसऱ्याला ते खातं स्वतःचं करून घेता येतं, पण तो वेगळा विषय.

म्हणजे तुमच्या नावाने रॉथ आयआरए उघडायचं. चेक ज्या ब्रोकरेजच्या नावावर आहेत तिथेच, ऑनलाइन उघडता येतं. तुमचं दोघांचं उत्पन्न बरंच आहे म्हणून रॉथ आयआरए उघडता येणार नाही, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. उत्पन्नाची अट नव्याने भरल्या जाणाऱ्या वार्षिक रकमेला आहे (२०२६ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना ती सवलत २ लाख ४२ हजारांपासून कमी होत जाते आणि २ लाख ५२ हजारांना संपते). रोलओव्हरला उत्पन्नाची अट नाही.

दोन चेकचं काय? इथे मात्र घाई नको, कारण चूक झाली तर महाग पडते. रॉथचा चेक रॉथ खात्यातच गेला पाहिजे. तो ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (ज्यातून पैसे काढताना टॅक्स लागतो) जाऊ शकत नाही आणि चुकून गेला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. मॅचचा चेक टॅक्स न भरलेल्या पैशांचा आहे. तो रॉथमध्ये टाकायला कायद्याची हरकत नाही, पण मग ते कन्व्हर्जन झालं. पूर्ण ६४ हजार यंदाच्या उत्पन्नात धरले जातील, तेही दोघांच्या पगारावर, म्हणजे तुम्हाला लागणाऱ्या सर्वांत वरच्या कर-टप्प्यावर. आणि २०१८ पासून कन्व्हर्जन मागे घेता येत नाही. एप्रिलमध्ये रिटर्न भरून देणाऱ्या सीपीएने आकडा सांगितल्यावर ‘अरे देवा, ते रद्द करा’ म्हणायची सोय गेली. त्यामुळे ‘दोन्ही एकाच ठिकाणी टाकू, सुटसुटीत होईल’ हा विचार सोडून द्या.

दुसरा चेक ट्रॅडिशनल आयआरएमध्ये सहज जाईल. पण त्याआधी एक फोन करा. तुमच्या नव्या कंपनीचा ४०१-के बाहेरून आलेले पैसे घेतो का, हे एचआरला विचारा. तुम्हा दोघांचं उत्पन्न वरच्या मर्यादेपलीकडे असेल, तर रॉथमध्ये दरवर्षी थोडे पैसे घालायचा एकच रस्ता उरतो: ट्रॅडिशनल आयआरएमध्ये टॅक्स भरलेले पैसे घालायचे आणि लगेच कन्व्हर्ट करायचे, ज्याला सगळे ‘बॅकडोअर’ म्हणतात. त्या वेळी तुमच्या नावावर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आधीचे ६४ हजार पडलेले असतील, तर आयआरएस दोन्हींचं प्रमाण काढते आणि कन्व्हर्जनच्या बहुतेक भागावर टॅक्स लावते. तेच ६४ हजार नव्या ४०१-केमध्ये असतील तर या हिशेबात येत नाहीत. हा चेक ब्रोकरेजच्या नावावर निघाला आहे, त्यामुळे तो परत पाठवून नव्या प्लॅनच्या नावावर मागवावा लागेल. कटकट आहे, पण तुम्हाला पुढे बॅकडोअर करायचं असेल तर ती घेण्यासारखी.

आता पाच वर्षं. तुम्ही सर्वांत खात्रीने लिहिलेलं वाक्य हेच, आणि अर्धं चूकही हेच.

४०१-केमधल्या रॉथचं घड्याळ वेगळं आणि रॉथ आयआरएचं वेगळं. तुमची अकरा वर्षं जुन्या प्लॅनमध्ये मोजली गेली. तिथले पैसे नव्या कंपनीच्या रॉथ ४०१-केमध्ये थेट गेले असते, तर ती वर्षंही बरोबर गेली असती. आयआरएमध्ये ती जात नाहीत. रॉथ आयआरएचं घड्याळ, ज्या वर्षासाठी तुम्ही तुमच्या कुठल्याही रॉथ आयआरएमध्ये पहिल्यांदा पैसे घातले, त्या वर्षाच्या १ जानेवारीला सुरू होतं. तुमच्या बाबतीत ते १ जानेवारी २०२६ धरलं जाईल आणि पाच वर्षं भरतील २०३० संपताना. वाढ करमुक्त काढण्यासाठीची दुसरी, वयाची अट, म्हणजे एकोणसाठ वर्षं सहा महिने, मात्र तुम्हाला २०२८ मध्येच पूर्ण होते. मधल्या काळात फक्त वाढीवर टॅक्स लागू शकतो.

एकदा जुनी कागदपत्रं चाळून बघा. तुम्ही एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर होतात, नोकरी नव्हती, त्या वर्षांत नवऱ्याच्या पगारावर तुमच्या नावाने रॉथ आयआरए उघडलेलं असू शकतं. तेव्हा कोणी एजंटाने उघडून दिलेलं, पाचशे डॉलर घातलेलं, नंतर रिकामं करून विसरलेलं. असं एखादं सापडलं तर तुमचं घड्याळ तेव्हापासूनच चालू आहे, मधे खातं बंद केलं असलं तरी. दोन तास पेट्या उपसण्याइतकं हे नक्कीच मोलाचं आहे.

नाही सापडलं तर? माझ्या मते तरीही तुम्ही घाबरायचं कारण नाही. या सगळ्यात लोक वर्षं मोजत बसतात, आणि पैसे कोणत्या क्रमाने बाहेर येतात ते बघायचं राहून जातं.

रॉथ ४०१-केमधून वेळेआधी काढलेले पैसे म्हणजे कालवलेला दहीभात, प्रत्येक घासात दोन्ही येणारच. चेकबरोबर आलेल्या कागदावर तुमच्या १ लाख ८० हजारांची फोड आहे: १ लाख १० हजार तुम्ही भरलेले, ७० हजार वाढ. मुलाच्या घरासाठीचे ६० हजार तुम्ही ४०१-केमधून काढले असते, तर त्यातले सुमारे २३,३०० डॉलर वाढीचे धरून त्यावर टॅक्स लागला असता. रॉथ आयआरएमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी तुम्ही भरलेले पैसे बाहेर येतात, मग कन्व्हर्ट केलेले, वाढ सर्वांत शेवटी. रोलओव्हर झाल्यावर तुमचे १ लाख १० हजार ‘भरलेले पैसे’ म्हणूनच तिथे बसतात. म्हणजे पुढच्या वर्षी ६० हजार काढलेत, तर टॅक्स शून्य, दंड शून्य. पाच वर्षांचं घड्याळ २०३१ पर्यंत टिकटिकत राहिलं तरी तुम्हाला त्याची झळ लागणार ती एकूण १ लाख १० हजारांच्या वर हात घातलात तरच.

म्हणून तुमच्यासाठी रॉथचा चेक रॉथ आयआरएमध्ये टाकणंच बरं. नव्या कंपनीच्या प्लॅनमध्ये टाकला असता तर अकरा वर्षं टिकली असती, पण नोकरीत असताना पैसे काढायला प्लॅनची परवानगी लागली असती आणि पुन्हा तो दहीभात. दुसऱ्या एखाद्या वाचकाचं चित्र उलटं असेल: पैसे लगेच नको आहेत, साठीनंतर मोठी रक्कम काढायची आहे, स्वतःचं रॉथ आयआरए अगदी नवं आहे. त्यांनी पैसे ४०१-केमध्येच ठेवावेत, किंवा एकोणसाठ वर्षं सहा महिने होईपर्यंत थांबून मग हलवावेत. तोपर्यंत तिथली पाच वर्षं भरलेली असतील, तर हललेली सगळी रक्कम, वाढीसकट, आयआरएमध्ये ‘भरलेले पैसे’ म्हणून जमा होते. पंचावन्न किंवा त्यापुढच्या वयात नोकरी सोडून लगेच पैशांची गरज असणाऱ्यांनीही जुना प्लॅन घाईने रिकामा करू नये. त्या कंपनीच्या ४०१-केमधून काढलेल्या पैशांवर १० टक्के दंड नसतो, आयआरएमध्ये गेल्यावर ही सवलत जाते. आणि हा रस्ता एकेरी आहे. रॉथ आयआरएमधले पैसे पुन्हा कुठल्याही ४०१-केमध्ये जात नाहीत.

ज्यांनी अजून रॉथ आयआरए उघडलेलंच नाही, त्यांनी यंदाच थोडे पैसे घालून घड्याळ सुरू करून ठेवावं. पन्नाशी ओलांडलेल्यांना हे आता जास्तच लागू आहे. २०२६ पासून, आदल्या वर्षी त्याच कंपनीकडून दीड लाख डॉलरहून जास्त पगार घेतलेल्यांची, पन्नाशीनंतर ४०१-केमध्ये नेहमीच्या मर्यादेवर घालता येणारी वाढीव रक्कम रॉथमध्येच जाते. म्हणजे आजवर ‘मला रॉथ नको’ म्हणणाऱ्यांच्या ४०१-केमध्येही तो कप्पा उघडला गेला आहे, आणि नोकरी सोडताना त्यांच्याही घरी तुमच्यासारखे दोन चेक येणार.

मुलाच्या घराबद्दल एक विचारू का? तुमच्या पत्रात मुलाने पैसे मागितल्याचं कुठेच नाही. ‘द्यायला हवेत’ असं आहे. द्या, त्याला माझी हरकत असायचं कारण नाही. पण हेच पैसे का? रॉथमधली रक्कम एकदा बाहेर आली की परत घालणं फार हळू होतं. यंदा पन्नाशीपुढच्यांना रॉथ आयआरएची वार्षिक मर्यादा ८,६०० डॉलर आहे, तीही उत्पन्नाच्या अटीत बसलात तर. बचत खात्यात, ब्रोकरेजमध्ये टॅक्स भरून झालेले पैसे पडून असतील तर आधी तिकडे बघा. मुलाला सरळ विचारा की त्याला नेमके किती कमी पडताहेत. आकडा तुम्ही मनात धरलेल्यापेक्षा लहान निघायची बरीच शक्यता आहे. देणगीच्या बाजूने म्हणाल, तर यंदा एका माणसाला दुसऱ्याला १९ हजारांपर्यंत फॉर्म न भरता देता येतात. तुम्ही दोघं, मुलगा आणि सून असा हिशेब केला तर ६० हजार त्यात आरामात बसतात.

पुण्याचं म्हणाल तर, अमेरिकेत रॉथची वाढ करमुक्त आहे म्हणून भारतातही ती आपोआप करमुक्त होते, असं समजू नका. तुम्ही भारतात पूर्ण अर्थाने रहिवासी ठरलात की जगभरचं उत्पन्न तिथे मोजलं जातं. परदेशी निवृत्ती खात्यांसाठी २०२१ मध्ये आणलेली ८९-ए कलमाची सवलत, ज्या खात्यांवर तो देश पैसे काढताना कर लावतो त्यांच्यासाठी लिहिलेली आहे. रॉथवर काढताना करच नसतो, त्यामुळे त्या शब्दांत ते नीट बसत नाही आणि जाणकारांतही यावर वाद आहेत. वर्षात १८२ दिवसांच्या आत राहिलात तर सहसा हा प्रश्न उद्भवत नाही. पण भारतातलं भाडं, व्याज वगैरे उत्पन्न १५ लाखांच्या वर जात असेल तर १२० दिवसांपासूनच हिशेब ठेवा. तिकीट काढायच्या आधी दोन्ही देशांचं काम करणाऱ्या सीएला एकदा भेटा. आज चेक भरण्याशी याचा संबंध नाही, तो अडवून धरू नका.

चेक पाठवताना दोन्हींचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक चेकवर ज्या खात्यात जायचा त्या खात्याचा नंबर लिहा, आणि सोबतच्या फॉर्मवर ‘रॉथ ४०१-केमधून रॉथ आयआरएमध्ये’ ही खूण केली आहे ना ते तपासा. नुसतं ‘डिपॉझिट’ म्हणून गेला तर त्यांची यंत्रणा तो वार्षिक भरणा समजू शकते, आणि मग मर्यादेपेक्षा जास्त भरल्याचं पत्र येतं. मुद्दल आणि वाढीची फोड असलेला तो कागद स्कॅन करून दोन ठिकाणी जपा. पुढे पैसे काढाल तेव्हा ८६०६ फॉर्म भरताना तोच लागेल, आणि तुमचे १ लाख १० हजार किती ते ब्रोकरेजला माहीत नसतं.

पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जुन्या प्लॅनकडून दोन १०९९-आर, म्हणजे खात्यातून निघालेल्या पैशांची नोंद असलेले कर-फॉर्म, येतील. रॉथवाल्याच्या सातव्या चौकटीत ‘एच’ हवं, मॅचवाल्याच्या ‘जी’, आणि दोन्हींच्या करपात्र रकमेच्या चौकटीत शून्य. रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम एका ओळीत दाखवायची, शेजारच्या करपात्र ओळीत शून्य आणि रोलओव्हरची नोंद. वेगळं अक्षर दिसलं तर रिटर्न भरण्याआधी प्लॅनला फोन करून दुरुस्त प्रत मागवा. सीपीए ‘नंतर बघू’ म्हणाला तरी तुम्ही आधीच मागवा, भरून झालेलं रिटर्न पुन्हा उघडायची फी तोच घेतो.